दोन मुलांच्या घरात क्रोशे आणि केक : शास्त्रोक्त पद्धत

बाजारातल्या विणकामाच्या आणि पाककृतींच्या पुस्तकांत एक मोठी उणीव आहे : त्यांत मुले नसतात. 'प्रथम साठ साखळ्या घालाव्यात' असे पुस्तक सांगते, तेव्हा साठावी साखळी पडेपर्यंत घरात कोणाला शू लागणार नाही, कोणी कोणाला चावणार नाही आणि कोणाच्या नाकात साबुदाणा अडकणार नाही, असे त्याने गृहीत धरलेले असते. केकच्या कृतीत तर 'मिश्रण हलके होईपर्यंत सलग फेटावे' हे वाक्य राजरोस छापतात. सलग!

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन. मरोळमधल्या चारशे चौरस फुटांत सहा वर्षांची थोरली आणि तीन वर्षांचा धाकटा यांच्यासह राहणाऱ्या, आणि एवढे होऊनही हाताला काही उद्योग हवा अशी हौस शिल्लक असलेल्या पालकांसाठी ते आहे. अंधेरी पश्चिमेच्या वाचकांनी चौरस फुटांच्या प्रमाणात योग्य ते बदल करून घ्यावेत.

कोणतीही कला घरात आणण्यापूर्वी तिला एकच प्रश्न विचारावा : तुला अर्ध्यावर टाकून उठले तर चालेल का? सौंदर्य, खर्च आणि उपयोग हे प्रश्न मुले दहावीला गेल्यावर विचारायचे आहेत.

या परीक्षेत दोन सुयांचे विणकाम सपशेल नापास होते. स्वेटरच्या एका ओळीचे शंभरेक टाके एकाच वेळी सुईवर उघडे बसलेले असतात. धाकट्याने तलवार म्हणून सुई उपसली की शंभरच्या शंभर अनाथ. क्रोशाचे तसे नाही. हात थांबवावा तेव्हा सुईवर साधारण एकच टाका जिवंत असतो. बाकीचे मागे एकमेकांत अडकून निवांत असतात. दाराची बेल वाजो, दूध उतू जावो, त्या एका टाक्याला सेफ्टीपिन लावून उठता येते. सेफ्टीपिन सासूबाईंच्या बांगडीला मिळेल. त्या ती काढून देतील, पण देताना 'आम्ही पाच-पाच पोरं सांभाळून रुखवताची तोरणं विणली' हे एकदा ऐकून घ्यावे लागेल. तेवढ्यात दूध उतू गेलेले असते, तो भाग वेगळा.

पिन न लावता उठलात, तर मात्र हीच एका टाक्याची सोय घात करते. दोरा ओढला की चालू ओळ, मग तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची, असे सगळे सुर्रकन उसवत जाते. मुलांना हा खेळ फार आवडतो. त्यांना तो शिकवावा लागत नाही.

दोरा सुती घ्यावा. लोकरीचे रंग मोहक असतात, पण मुंबईची थंडी मुख्यतः वर्तमानपत्रात पडते. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा सोळा-सतरावर उतरला की मरोळ नाक्यावर कानटोप्या दिसतात, आणि दहा वाजेपर्यंत खिशात जातात. त्या चार पहाटांसाठी स्वेटर विणायला घेतला तर तो होईपर्यंत मूल एक माप पुढे गेलेले असते. म्हणून स्वेटर थोरलीचा म्हणून सुरू करावा आणि धाकट्याचा म्हणून संपवावा. रंग निवडताना याचे भान ठेवावे. आंध्रातल्या नरसापूरच्या परिसरात बायका पिढ्यान् पिढ्या सुती दोऱ्यानेच क्रोशाची लेस विणत आल्या आहेत, आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्या ओसरीवर मुले नव्हती असे थोडेच आहे.

आरंभ गोल रुमालाने करावा. याचे गणित सोपे आहे. मुक्या खांबांनी विणायचे तर मध्यात सहा खांब, आणि पुढे दर फेरीला सहा-सहा वाढवायचे : सहा, बारा, अठरा, चोवीस. पुऱ्या खांबांनी विणायचे तर तेच बारा-बाराने. एवढे पाळले की रुमाल टेबलावर सपाट बसतो. वाढवायचे राहिले तर कडा वर वळतात, जास्त वाढवले तर झालर येते. मुलांच्या घरात एकाच रुमालात दोन्ही होते, कारण आपण 'एकतीस, बत्तीस' असे पुटपुटत असताना थोरली कानाशी येऊन विचारते, "आई, ट्वेंटी एट प्लस नाइन किती?" उत्तर दिले की मोजणी गेली, न दिले की तिची गणिताची गोडी गेली.

या संदर्भात एक जुना अन्याय नोंदवून ठेवतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर गहजब उडाला. व्यंगचित्रे झाली, विनोद झाले. मंगला नारळीकर समितीप्रमुख म्हणून आपली बाजू परोपरीने मांडत होत्या, पण क्रोशे विणणाऱ्या एकाही आईला कोणी साक्षीला बोलावले नाही. मधेच मोडलेली मोजणी पुन्हा धरताना 'साठ तीन'मधला साठ तरी हाताला लागतो. त्रेसष्ट होते की त्रेपन्न, यात अर्धा रुमाल उसवावा लागतो.

तेव्हा कडा वळल्या तर टोपी समजावी, झालर आली तर बाहुलीचा घागरा. "काय विणतेयस गं?" या प्रश्नाला पहिल्या आठ फेऱ्या होईपर्यंत ठाम उत्तर देऊ नये.

महत्त्वाकांक्षा मोठी असेल तर सुटे चौकोन विणावेत. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण मांडून गिनेसमध्ये विक्रम नोंदवला. हिशेब केला तर त्याखाली चारशे चौरस फुटांची तीनशे घरे झाकली जातात. म्हणजे आपली आख्खी सोसायटी, आणि वर शेजारची. तेही एका बाईने मांडी घालून विणलेले नव्हते, पुष्कळ हातांचे तुकडे जोडूनच झाले. चौकोनाचा फायदा असा की तो शाळेच्या बसची वाट पाहताना मरोळ-मरोशी रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या होतो. बस वेळेवर आली तर होत नाही, पण ती काळजी करू नये.

विणलेल्या बाहुल्यांना डोळे म्हणून मणी किंवा बटणे मुळीच लावू नयेत. लहान मूल बाहुलीचे आधी डोळेच खाते, आणि इथे मात्र विनोद संपतो : ते घशात अडकतात. डोळे दोऱ्याने भरावेत.

आता केक.

वरच्या परीक्षेत केक काठावर पास होतो, आणि तो काठावर का, हे कळल्याशिवाय ओव्हनचे बटण फिरवू नये. खाण्याचा सोडा दह्यात किंवा लिंबाच्या रसात पडला की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. इनो तर पाण्याची वाटच पाहत असते. तो वायू पिठात आहे तोवर भांडे आचेवर गेले पाहिजे. नेमक्या त्याच मिनिटाला धाकट्याला शू लागते. हा योगायोग नाही. यावर कोणीतरी संशोधन करायला हवे. आपण परत येईपर्यंत बुडबुडे निघून गेलेले असतात, आणि मग केक भाजला जातो खरा, पण वडीसारखा कापावा लागतो. म्हणून कोरडे जिन्नस एका भांड्यात आणि ओले दुसऱ्यात तयार ठेवावेत, घरातल्या प्रत्येकाला एकदा बाथरूमला पाठवावे (स्वतःला वगळू नये), आणि मगच दोन भांड्यांची गाठ घालावी. बेकिंग पावडर त्यातल्या त्यात सोशीक. बाजारात सर्रास मिळणारी पावडर आपला काही वायू आच लागेपर्यंत राखून ठेवते.

केकसाठी मुलांच्या दुपारच्या झोपेची वेळ उत्तम, असे अननुभवी लोक सांगतात. मरोळची मुले विमानतळाच्या शेजारी वाढलेली असतात. डोक्यावरून काहीही गेले तरी ती कूस बदलत नाहीत. जागी होतात ती कपाच्या काठावर अंडे टिचकल्याच्या आवाजाने.

एकदा जागी झाली की त्यांना कामाला लावणे भाग आहे. मैदा चाळण्याचे काम थोरलीला द्यावे आणि चाळणीखाली वर्तमानपत्र अंथरावे. जिथे अंथरले नाही तिथेच मैदा पडेल, पण आपण प्रयत्न केला असे राहते. धाकट्याला रिकामे भांडे आणि डाव द्यावा आणि तोच खरा केक आहे असे गंभीरपणे सांगावे. कच्चे पीठ चाटू देऊ नये. कच्चे अंडे आणि कच्चा मैदा दोन्ही पोटाला वाईट. कंडेन्स्ड मिल्कचा डबा मात्र चमच्याने खरवडायला द्यायला हरकत नाही, आणि आई-वडिलांनी आधी खरवडून झाला असेल तर तसे सांगायची गरज नाही.

ओव्हन नसेल तर जुना कुकर घ्यावा. त्याची शिट्टी आणि रबर काढून ठेवावे, तळाला मीठ पसरावे, वर जाळी, आणि दहा मिनिटे तापवून मग भांडे आत. मंद आचेवर पाऊण तास धरून चालावे. ते मीठ पुढच्या केकला चालते, आमटीला चालत नाही, ही चिठ्ठी बरणीवर लावून ठेवावी. शिट्टी कुठे ठेवली हेही त्याच चिठ्ठीवर लिहावे, कारण संध्याकाळच्या वरणभाताच्या वेळी ती धाकट्याच्या आगगाडीला जोडलेली सापडते.

ओव्हन असेल तर खरा प्रश्न दाराचा. पीठ आतून पकडण्याआधी दार उघडले की गरम हवा निघून जाते आणि फुगलेला मध्यभाग खचतो. 'झाला का?' हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येतो, आणि प्रत्येक वेळी 'बघू' म्हणायचे नाही. 'बघू' म्हटले की कोणीतरी खरोखर बघते. ओव्हनपासून चार हातांवर खडूने रेघ काढून तिच्यामागे दोन पाट मांडावेत आणि काचेतून बघायला लावावे. कार्टूनपेक्षा हे बरे. पंधरा मिनिटे तरी घरात शांतता असते आणि तेवढ्यात एक चौकोन होतो.

खरे विचाराल तर मुलांच्या घराला केकपेक्षा नानकटाई मानवते. मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोडा; पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे चिमूटभर सोडाही स्वस्थ बसून राहतो. मळलेला गोळा फ्रिजमध्ये उद्यापर्यंत ठेवा, त्याची काही तक्रार नसते. आपल्या आज्यांनी तर हेही काम अंगावर घेतले नव्हते. तूप, साखर आणि मैदा डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून घ्यायची आणि पत्र्याचा डबा भरून घरी. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये प्रदूषणामुळे लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, तेव्हा पावाच्या चवीचे काय होणार यावर पुष्कळ बोलले गेले. मैदा भलत्याच माणसाच्या फरशीवर सांडायची सोय कधीच गेली, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

नानकटाईच्या गोळ्याला फ्रिजमध्ये जागा देताना ऋतू पाहावा. मे अखेरीस मरोळच्या बाजारातून पावसाळ्याची बेगमी म्हणून सोडे, जवळा आणि सुके बोंबील घरात येतात. लोणी आणि तूप वास चटकन ओढून घेतात. एकाच कप्प्यात राहिले तर सोड्यांच्या वासाची नानकटाई होते, आणि ती पाहुण्यांना 'कोस्टल' म्हणून देता येत नाही. निदान आमच्याकडच्या पाहुण्यांना नाही.

शेवटी शेजारधर्म. दिवाळीत फराळाचे ताट गावठाणातल्या आंटींकडे जाते, त्यावर आपण विणलेला रुमाल घालावा; निदान एक तरी वस्तू पूर्ण झाल्याचा तो पुरावा. आंटी ईस्ट इंडियन. त्यांच्या पॅरिशचे मूळ चर्च १५७९ चे, कोंडिविट्याचे. साथीमुळे १८४० च्या सुमारास मंडळी मरोळला आली आणि जुन्या भिंती आता सीप्झच्या कुंपणात आहेत. इतक्या जुन्या माणसांना पीठ फुगायची घाई नसते. फुगियांचे पीठ, म्हणजे मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि यीस्ट (पूर्वी ताडी), त्या झाकून ठेवतात आणि खुशाल दुसऱ्या कामाला लागतात. "तो त्याचा वर येतो, बाय, तू कशाला बघतेस," एवढेच त्यांचे बेकिंगचे शास्त्र.

नाताळात ताट परत येते. रिकामे येत नाही, तशी रीतच नाही : कलकल, नेवऱ्या, मार्झिपान, एखादी थाळी स्वीट, आणि वर रुमाल. हा रुमाल आपला नाही, हे लगेच ओळखू येते, कारण तो सपाट असतो. आंटींचाही हात क्रोशावर बसलेला आहे. त्यांचा रुमाल धुऊन, इस्त्री करून दुसऱ्याच दिवशी परत करावा. 'सावकाश देऊ' म्हणून कपाटावर ठेवला, की धाकटा स्टुलावर चढतो आणि त्याला दोऱ्याचे टोक सापडते.