नानासाहेब बुडाले हो!

पुलाच्या कठड्याशी चपलांचा जोड आणि स्टँडवर लावलेली स्कूटर, एवढं भांडवल मिळालं की आपल्याकडे दहा मिनिटांत चौकशी आयोग बसतो. या आयोगाला मानधन नाही, मुदत नाही, आणि अहवाल बैठकीआधीच तयार. अग्निशमन दलाचे जवान दोर सोडवत असतात, तोवर कठड्यावर निकाल लागलेला असतो. ‘उडी मारली.’ ‘छे, ढकलला.’ ‘कर्ज होतं हो.’ ‘कर्ज कसलं, लफडं!’ मग एक जण वाकून चपला निरखतो आणि विचारतो, ज्याला जीव द्यायचाय तो चपला अशा जोडून ठेवेल का? स्वतःच्या घरी हा एक चप्पल दाराशी आणि दुसरी जिन्यात सोडत असणार, म्हणून नीट ठेवलेल्या चपलांत त्याला कट दिसतो. शिवाय एक गृहस्थ हमखास असतात, ज्यांनी ‘त्याला’ आजच सकाळी स्वारगेटवर कोल्हापूरच्या गाडीत चढताना पाहिलेलं असतं. ‘त्याला’ म्हणजे कोणाला, हे विचारायचं नाही. पाण्यात कोणी आहे का, हेच अजून ठरायचंय.

हे सगळं मोबाइलमुळे झालं, असं म्हणायची पद्धत आहे. मोबाइलची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, पण तो बिचारा निर्दोष आहे. मोबाइल तर सोडाच, बंडवाल्यांनी तारायंत्राचे खांबसुद्धा जागोजाग उपटलेले असताना आपल्याच माणसाने गंगेवर हा प्रयोग लावला होता, आणि तो अडतीस वर्षं चालला. मराठी रंगभूमीवरसुद्धा असं यश विरळा.

कर्जतजवळच्या वेणगावात १८२४ साली जन्मलेले धोंडोपंत, म्हणजेच दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र नानासाहेब पेशवे. १७ जुलै १८५७ रोजी इंग्रज सेनापती हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली, तेव्हा नानासाहेब मागे ब्रह्मावर्ताला, बिठूरच्या वाड्यावर आलेले होते. तिथे त्यांनी सांगून टाकलं की आता गंगेत देह ठेवणार. खूणसुद्धा ठरली: नावेवर दिवा असेल, तो मालवला की समजायचं, पेशवे गेले. रात्री नाव निघाली. घाटावर गंगापुत्रांची आणि गावकऱ्यांची गर्दी. प्रवाहाच्या मध्यावर दिवा मालवला आणि काठावर एकच आकांत उसळला. नाव मात्र सरळ पलीकडे अवधच्या तीराला लागली आणि पेशवे खाली उतरले. या एवढ्या सोहळ्यात गंगेचं पाणी कोणाला लागलं असेल तर नावाड्याच्या वल्ह्यांना.

शोक आटोपल्यावर काठावरच्या काही मंडळींनी वाड्याकडे धाव घेऊन हाताला लागेल ते उचललं, असंही सांगतात. खरं असेल तर त्यांना व्यवहार कळत होता म्हणायचं. दोनच दिवसांनी गोरे सोल्जर आले आणि त्यांनी वाडा जाळला. पाण्यातला शोधही झाला, नाही असं नाही. पण तो डिसेंबरात, आणि गंगेत नव्हे, वाड्याच्या विहिरीत. पेशव्यांचा खजिना विहिरीत टाकल्याची खबर होती. होप ग्रँटच्या माणसांनी ती कित्येक दिवस उपसली आणि सोन्याचांदीची भांडीकुंडी वर काढली. नदीत माणूस शोधायचा म्हटलं की तर्कावर भागतं, विहिरीत सोनं शोधायचं तर उपसा करावा लागतो.

इंग्रजांना नानासाहेब हवे होते, आणि का हवे होते हे थट्टेत काढण्यासारखं नाही. कानपुरात सतीचौरा घाट आणि बीबीघर इथे बायकामुलांसह शेकडो इंग्रज माणसं मारली गेली होती, आणि त्याचा सूड म्हणून नीलसारख्या अधिकाऱ्यांनी जे केलं तेही वाचवत नाही. त्यामुळे पकडून देणाऱ्याला एक लाख रुपयांचं इनाम लागलं. पकडायचा कोणाला, एवढीच अडचण होती. विलायतेत नानासाहेब म्हणून जे चित्र लोकांनी डोळे फाडून पाहिलं, ते मेरठच्या एका जाडजूड सावकाराचं होतं असं म्हणतात. बिचारा सावकार. आयुष्यभर व्याज खाल्लं आणि शिव्या खाल्ल्या त्या भलत्याच हिशोबात.

सरकारचा कारभार मात्र पाहण्यासारखा. १८५१ साली बाजीराव वारले तेव्हा आठ लाखांचं सालाचं पेन्शन बंद करायला कलकत्त्याला काही वेळ लागला नाही; माणूस मेला, खातं बंद. नानासाहेबांच्या बाबतीत मात्र मेला म्हणायला सरकार काही केल्या तयार होईना. १८५९च्या एप्रिलमध्ये खुद्द गंगार्पण झालेल्या पेशव्यांचा खलिता नेपाळच्या सरहद्दीवरून आला, थेट राणी व्हिक्टोरियाच्या नावे. त्या खुनांत माझा हात नव्हता, असं त्यात म्हटलं होतं. जलसमाधीनंतर पत्रव्यवहार करणारे हे बहुधा पहिलेच सत्पुरुष. त्याच वर्षाच्या पावसाळ्याअखेरीस तराईच्या जंगलात ते हिवतापाने गेल्याची खबर नेपाळ दरबाराकडून आली. तराईतला ताप ही काही चेष्टा नव्हती. धडधाकट शिपाई आठवड्यात आटपत. माझं मत विचाराल तर नानासाहेब तिथेच गेले असावेत. पण माझं मत कोण विचारतो! नेपाळच्या जंगबहादूरने दडवलं असेल, प्रेत दुसऱ्याचंच असेल, रडणाऱ्या बायका पढवलेल्या असतील, अशा शंका साहेबांच्या कचेऱ्यांतून फिरू लागल्या. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा देऊन आलेली ही माणसं. तर्क मात्र कठड्यावरचे.

मग उत्तर हिंदुस्थानातल्या गोसाव्या-बैराग्यांचे वाईट दिवस सुरू झाले. दाढी आहे, जटा आहे, कुठून आलास म्हटलं तर नीट सांगत नाही, आणि बोलण्यात कुठे दक्खनी हेल आहे, एवढ्या सामग्रीवर बेड्या पडत. न सांगणं हा तर बैराग्याचा धर्मच. त्याने काय रेशनकार्ड काढून दाखवायचं? १८६३ साली अजमेरला एक नानासाहेब सापडले आणि सुटले. तसे इतरही सापडत राहिले. सापडलेल्यांना एका वेळी एकत्र आणलं असतं तर पुन्हा एक पेशवाई उभी राहिली असती.

सर्वांत बहारीचं प्रकरण १८७४च्या ऑक्टोबरातलं, ग्वाल्हेरचं. एका बैराग्याने आपणच नानासाहेब असल्याचं कबूल केलं आणि जयाजीराव शिंद्यांनी त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. हेच जयाजीराव १८५८ साली तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब ग्वाल्हेरवर चालून आले तेव्हा आग्र्याला निघून गेले होते. आता घरबसल्या पेशवे सापडले म्हटल्यावर त्यांनी हात आखडता कशाला घ्यावा? तारा सुटल्या. विलायतेतली वर्तमानपत्रं भरून निघाली. कैद्याला कडक पहाऱ्यात कानपूरला नेलं आणि ओळख पटवायला माणसं जमवली. पूर्वी नानासाहेबांवर उपचार केलेला डॉक्टर आला. सतीचौरा घाटावरून जिवंत निसटलेल्या मूठभर लोकांपैकी मॉब्रे थॉमसन आला. सतरा वर्षांनी एक दाढीवाला समोर उभा करून ‘हाच का?’ असं विचारल्यावर जे व्हायचं तेच झालं. कोणाला साम्य दिसलं, कोणाला नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत सतरा वर्षांनी भेटलेला मावसभाऊ ओळखू येत नाही, तिथे आंघोळ न केलेला बैरागी! शेवटी वय जुळेना, डॉक्टरही नाही म्हणाला, आणि हा कोणी जमनादास म्हणून निघाला. मग कबुली का दिलीस? तर म्हणे, भांगेच्या तारेत बोलून गेलो.

या सगळ्या जबान्यांत मला हीच सर्वांत भरवशाची वाटते. बाकीचे भांग न घेता बोलत होते.

आपल्या लोकांची तऱ्हा याच्या उलटी. सरकारला नानासाहेब फासावर चढवायला जिवंत हवे होते, लोकांना पूजेला. कोणी म्हणतं, ते सौराष्ट्रात सिहोरला साधू होऊन राहिले. कोणी नैमिषारण्यातली जागा दाखवतं. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ला शिप्रीला हजारोंसमक्ष फाशी दिली, तरी फासावर गेला तो तात्या नव्हताच, असं छातीठोक सांगणारे आजही भेटतात. मग नानासाहेबांच्या बाबतीत तर प्रेतही नव्हतं. खरं सांगायचं तर लोकांच्या भक्तीपेक्षा साहेबाच्या धास्तीने जास्त नानासाहेब जन्माला घातले. भक्ताला एक समाधी पुरते. पोलिसाला दर जत्रेत नवा संशयित लागतो.

१८८० साली ज्यूल व्हर्नने त्यांना कादंबरीत घेतलं. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती, त्याच्यामागे ओढलेली घरं, त्यात बसलेले गोरे प्रवासी आणि खलनायक म्हणून नानासाहेब. फ्रान्समध्ये बसून लिहिलेला हा हत्ती मला कचेऱ्यांतल्या टिपणांपेक्षा पुष्कळ विश्वसनीय वाटतो.

शेवटची गोष्ट १८९५ची. पर्सिव्हल लँडन नावाच्या पत्रकाराने ती लिहून ठेवली आहे. खरी-खोटी त्याच्या पदरी. राजकोटच्या आसपासच्या एका लहानशा ठाण्यात पोरांनी भंडावून सोडलेला एक म्हातारा बैरागी आला आणि म्हणाला, मी नानासाहेब पेशवा, मला वाचवा. ठाण्यावरचा गोरा अंमलदार तरुण होता. सगळं बालपण याच नावाला भिऊन गेलेलं. समोर एक लाख रुपये, बढती आणि इतिहासात नाव. त्याने थरथरत्या हाताने कलकत्त्याला तार केली: ‘नानासाहेबाला पकडला आहे. हुकूम कळवावा.’

कलकत्त्याहून उलट तार आली: ‘ताबडतोब सोडा.’