बिनडोंगराच्या गावात गिर्यारोहण: नवशिक्यांसाठी कुंभकोणम मार्गदर्शिका

कुंभकोणमला लेकीकडे महिनाभर राहायला निघताना मी ट्रेकचे बूट बॅगेत भरले. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, कशाला?" उत्तर पहिल्याच सकाळी गच्चीवर मिळालं. चारी दिशांना पाहिलं. भात, केळी, नारळ, पुन्हा भात. समुद्रसपाटीपासून गावाची उंची जेमतेम पंचवीस मीटर. पुण्यातली आमच्या सोसायटीची गच्ची जमिनीपासून त्याहून उंच आहे.

पण रविवारी पहाटे उठून सिंहगड चढायची खोड लागलेल्या माणसाला चढ लागतोच. म्हणून महिनाभर हिंडून ही मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. क्रम अवघडपणाचा आहे, उंचीचा नाही. नवशिक्यांनी तो मोडू नये.

पूर्वतयारी

बूट: घरी ठेवावेत. इथली बहुतेक शिखरं देवाच्या मालकीची आहेत, त्यामुळे चढाई अनवाणी. उन्हाळ्यात अकरानंतर दगडी फरशीवर पाय ठेवला की वेग आपोआप वाढतो, त्यासाठी वेगळा सराव लागत नाही. दुपारी देवळं बंद होतात. पहाटे निघावं.

हवामानाशी जुळवून घेणं: हिमालयात उंचीशी जुळवून घेतात, इथे सपाटीशी घ्यावं लागतं. त्यावर उपाय डिग्री कॉफी. दुधाचा कस मोजायच्या यंत्रावरच्या डिग्रीवरून हे नाव पडलं असं सांगतात. रस्त्याच्या चढाची डिग्री शून्य असल्यामुळे सगळी डिग्री कॉफीत उतरली, असं माझं मत आहे. पितळी डबऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात हातभर उंचीवरून कॉफी ओतावी. गावातला सर्वांत तीव्र उतार तोच.

परिभाषा: तमिळमध्ये 'मलै' म्हणजे डोंगर. मराठी कानाला तो 'मळा' ऐकू येतो. फसू नये. मात्र 'मलै' शोधत निघालेला माणूस इथे हमखास मळ्यातच पोहोचतो, हेही ध्यानात ठेवावं.

शिखर पहिलं: महामहम तळं (उंची: उणे)

अगदी नवशिक्यांसाठी. इथे आधी उतरायचं असतं. चारी बाजूंना पायऱ्या, काठावर सोळा मंडप. दर बारा वर्षांनी महामहमला इथे लाखो माणसं स्नानाला येतात. मागचं २०१६ साली झालं, पुढचं २०२८ मध्ये. सरावासाठी मधली वर्षं निवडावीत. जितकं खाली उतराल तितकंच वर यावं लागेल, हा गिर्यारोहणाचा मूलभूत नियम इथे फुकटात शिकता येतो.

शिखर दुसरं: सारंगपाणी मंदिराचं गोपुर (उंची: सुमारे ५३ मीटर)

अकरा मजले. चढायचं नाही, पाहायचं. ही चढाई मानेने करतात. तळाशी उभं राहून एकेक मजला नजरेने चढत जावं. पाचव्या मजल्याशी मान कुरकुरते, आठव्याला टोपी पडते, कळसाशी पोचेपर्यंत मागून येणारी रिक्षा हॉर्न वाजवते. रिक्षावाल्याकडे पाहण्यासाठी मान एकदम खाली आणू नये. टप्प्याटप्प्याने उतरावं. हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं. पहिल्या दिवशी मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

शिखर तिसरं: तिरुचिरापल्लीचा रॉकफोर्ट (उंची: ८३ मीटर)

खऱ्या दगडाची सवय सुटू नये म्हणून एक दिवस राखून ठेवावा. सपाट शहराच्या मधोमध कुणीतरी विसरून गेल्यासारखा एकच प्रचंड खडक, त्यात खोदलेल्या चारशेच्या वर पायऱ्या आणि माथ्यावर उच्ची पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती. मराठी माणसाने चढताना उगाच छाती पुढे काढू नये, पण काढली तर त्याला आधार आहे. १७४१ मध्ये रघुजी भोसल्यांनी हे ठाणं घेतलं, इथला सत्ताधीश चंदासाहेब याला कैद करून साताऱ्याला धाडलं आणि दोन वर्षं इथे मुरारराव घोरपड्यांचा अंमल होता. छाती काढण्यापूर्वी श्वास पुरेसा उरला आहे ना, हे पाहावं. माझा उरला नव्हता. शेजारून एक पाट्टी, म्हणजे आजीबाई, हातात नारळाची पिशवी घेऊन पुढे निघून गेल्या. माझ्या कॅनव्हासच्या ट्रेकिंग पिशवीकडे त्यांनी दयेने पाहिलं.

शिखर चौथं: जिंजी, राजगिरी (उंची: सुमारे अडीचशे मीटर)

दीडशे किलोमीटरहून लांब, त्यामुळे मुक्कामाच्या तयारीने जावं. ही मात्र घरची वाट. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, आणि पुढे राजाराम महाराजांनी इथून स्वराज्य चालवलं. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात, बारावा हा.

नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न: वर जायला वेळ किती लागतो? हे ज्याच्या त्याच्या तयारीवर आहे. वेढा घालून बसलेल्या मुघल सरदार झुल्फिकारखानाला सुमारे आठ वर्षं लागली, आणि १६९८ मध्ये तो वर पोचला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटले होते. तुम्हाला दीड-दोन तास पुरतील. खाली झुणका-भाकरी मिळत नाही. लेकीने इडल्या बांधून दिल्या होत्या. गडावर इडली खाताना सुरुवातीला अपराधी वाटतं, तिसरीनंतर वाटत नाही.

परतीच्या बसमध्ये एका गोष्टीचा विचार करावा. शिवाजी महाराजांच्या वाट्याला डोंगर आले. १६७६ च्या सुमारास त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले, त्यांच्या वाट्याला कावेरीचा भात आला. कुंभकोणम याच राज्यातलं. सगळा चढ एका भावाकडे, सगळी सपाटी दुसऱ्याकडे. अशी वाटणी झाली की धाकट्या घराला काहीतरी उंच बांधावंसं वाटतंच. नेपोलियनचा पराभव झाला म्हणून याच घरातल्या सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास थेट समुद्रकाठी आठ मजली मनोरा उभा केला. नेपोलियनचं निमित्त असेल. मला त्यात सह्याद्रीची उचकी दिसते.

शिखर पाचवं: स्वामीमलै (उंची: १८ मीटर, श्रेणी: अति अवघड)

आकडा वाचून हसू नये. कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर मुरुगाच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. डोंगर मानवनिर्मित आहे. निसर्गाने दिला नाही म्हणून माणसांनी रचला, आणि देवाला वर बसवलं. पायऱ्या फक्त साठ. पुण्याच्या पर्वतीला १०३ आहेत, आणि ती आम्ही दूध आणायला जाताना चढतो.

पण इथल्या एकेका पायरीला एकेका संवत्सराचं नाव आहे. प्रभव, विभव, शुक्ल... तीच साठ नावं, जी गुढीपाडव्याला आपण पंचांगात ऐकतो आणि दुपारच्या श्रीखंडाबरोबर विसरतो. त्यामुळे इथे मीटर मोजू नयेत, वय मोजावं.

नववी पायरी युवा. फार लवकर येते, लक्षातही येत नाही. विसावी व्यय: इथून खर्च सुरू. पंचविसावी खर, म्हणजे गाढव. त्या वयात आपण काय होतो ते आठवावं आणि पुढे व्हावं. चौतिसावी शार्वरी, म्हणजे २०२० साल. हिच्यावर थोडं अंतर ठेवून उभं राहण्याची इच्छा होते. चाळिसावी पराभव. इथे टेकू नये. चाळिशीत पुष्कळ माणसं टेकतात आणि तिथलीच होतात. तिच्या लगेच वरची, एकेचाळिसावी, प्लवंग. १९६७ च्या पाडव्यानंतरचा माझा जन्म, म्हणजे ही माझी पायरी. प्लवंग म्हणजे माकड. घरच्यांना हा संशय पहिल्यापासून होताच, आता कागदोपत्री सिद्ध झालं. अठ्ठेचाळिसावी आनंद, आणि तिला लागूनच राक्षस. दोघांत कठडा नाही.

प्रत्येक पायरीवर धाप लागावी असा हा डोंगर आहे, आणि कारण गुडघे नव्हेत.

माथ्यावर पोचल्यावर पाळायचा नियम: मार्गदर्शन बंद करावं. इथल्या कथेत मुलगा गुरू आहे. शंकराला प्रणवाचा अर्थ मुरुगाने सांगितला, बापाने शिष्य होऊन ऐकला, म्हणून तो स्वामीनाथ. मी साठही पायऱ्या लेकीला श्वास कसा घ्यावा, टाच कशी टेकवावी हे सांगत आलो होतो. वर आल्यावर ती म्हणाली, "आता जरा गप्प बस आणि बघ." मी बघितलं. खाली भाताचं हिरवं, त्यातून वर आलेली गोपुरं. अठरा मीटरवरून एवढं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटची सूचना साठाव्या पायरीबद्दल. आपल्या पंचांगात तिचं नाव बहुधा क्षय असतं. तमिळ लोक तिला अक्षय म्हणतात. पायरी तीच, फरक एका अक्षराचा. मुक्काम तमिळ मुलखात असल्यामुळे मी त्यांचं नाव घेतलं.

उतरताना साठपासून एककडे यायचं असतं. प्रत्येक पायरीला वय एकाने कमी होतं. गुडघ्यांना मात्र तसं कोणी कळवलेलं नसतं. तेव्हा कठडा धरून उतरावं.