वाटणीतला बर्मा

गिरगावातून उपनगरात आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाकडे एक तरी वस्तू ‘अख्ख्या बर्मा टीकची’ असते. चाळीतली खोली जाते, गावाकडचा सातबारा चुलत्यांच्या नावावर होतो, पण बर्मा टीक टेम्पोत बसून मुलुंडला येतंच. आमच्याकडे ते आजीच्या ड्रेसिंग टेबलाच्या रूपाने आलं. मधे गोल आरसा, दोन्ही बाजूंना गोलाई दिलेले खण, आणि सगळ्यावर चिकट, काळपट थर. त्यात आत्याच्या लग्नातली हळदही असावी.

“जुनं पॉलिश मी काढतो,” असं जाहीर केल्यावर बाबा पेपर घेऊन समोर खुर्ची टाकून बसले. मदतीला नव्हे, पहाऱ्याला.

पॉलिश कसलं आहे हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा धरायचा. थर विरघळून बोळा तपकिरी झाला, तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. नावात फ्रान्स असला तरी लाख आपल्याच झारखंडाकडच्या पळस-कुसुमावरच्या किड्यांची. जुन्या ७८च्या तबकड्या याच लाखेच्या. पुरोचनाने पांडवांसाठी बांधलेलं घरही. हे शेवटचं उदाहरण आठवल्यावर मी बोळा खाली ठेवला आणि गॅस बंद आहे का ते बघून आलो. तेवढ्यात वासाने वरच्या मजल्यावरचे काका उतरले. “सकाळी सकाळी कुणाला इंजेक्शन?” मग तेही खुर्ची मागून बसले. त्यांच्या मते गरम पाणी ओतावं किंवा सरळ मशीन मारावी.

खणाची कड स्वच्छ झाली आणि तिथे एक बारीक रेघ दिसली. रेघेच्या वर तांबूस, देखणा साग, जेमतेम पोस्टकार्डाएवढा जाड. खाली फिकट, निनावी, कसलंसं जंगली लाकूड. गुपचूप फोटो काढून मी ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातल्या एका मिस्त्रीला पाठवला. उत्तर लगेच आलं. “विनियर है साहब. सागवान सिर्फ ऊपर ऊपर.”

खरं तर ती गोलाई बघूनच कळायला हवं होतं. अख्खी फळी अशी सुखासुखी वळत नाही, पापुद्रा वळतो. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं, त्या सुमाराला शहराला या गोलाईचं वेडच लागलं होतं. त्याच वर्षी बर्मा हिंदुस्थानातून वेगळा झाला. आमच्या घरातून तो आत्ता होत होता, आणि बाबा समोर शब्दकोडं सोडवत होते.

विनियर म्हटल्यावर काकांचे दोन्ही उपाय बाद. फेव्हिकॉल आलं १९५९ साली, त्याआधी सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातडी-हाडांचा हा सरस गरम पाण्याने मऊ होतो आणि पापुद्रा फुगतो. मशीनने तर एका फेरीतच साग संपून जंगल लागतं. राहता राहिला बोळा. वीतभर जागा ओली करायची, थर मऊ होऊ द्यायचा, बोथट पट्टीने रेषांच्या दिशेने ओढायचा, पुढची वीत. ओढलेला थर पट्टीवर काकवीसारखा जमतो आणि बोटांना दोन दिवस सोडत नाही.

“दिसतोय ना साग?” बाबा विचारत.

“वरून तरी सागच आहे,” मी म्हणे. यात खोटं काही नव्हतं.

“वाटणीत मी एवढंच मागून घेतलं. बाकी कशाला हात लावला नाही.”

जुलैच्या दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून मिस्त्रीने नवे हात दसऱ्यानंतर मारायला सांगितले. त्यामुळे गणपतीला बोरिवलीची आत्या आली, तेव्हा टेबल उघडंच होतं. मी घाईने कडेवर टॉवेल टाकला. आत्याने तो उचलला, रेघेवरून नख फिरवलं आणि मला स्वयंपाकघरात ओढलं.

“विनियर आहे. अण्णांनी घेतलं तेव्हा मी होते दुकानात. अख्खा साग परवडत नव्हता.”

“मग बर्मा टीक कुठून आलं?”

“ते वाटणीच्या वेळी आलं,” आत्या मोदकावर तूप सोडत म्हणाली. “तुझ्या बाबाला बोलू नकोस हं. पितळेची सगळी भांडी आणि शिलाई मशीन माझ्याकडे आहे.”