जिन्यातला दवाखाना

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक पशुवैद्य राहतात. वय वर्षे आठ, इयत्ता तिसरी. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'स्टेथोस्कोप' म्हणताना पेशंटवर तुषारसिंचन होतं. पण हाताला यश आहे. टॅबवर आजवर एकही प्राणी दगावलेला नाही. तिथे कुणी दगावतच नाही म्हणा.

सुरुवात आत्याच्या जुन्या टॅबवर झाली. त्यात स्वीडनच्या टोका बोका कंपनीचा 'टोका पेट डॉक्टर' हा खेळ होता. स्वतःच्याच अंगाची गाठ मारून बसलेला किडा बोटाने सोडवणं, ही डॉक्टरबाईंची पहिली शस्त्रक्रिया. मग तसलेच आणखी खेळ घरात आले. सगळीकडे रीत एकच. पेशंट टेबलावर बसून डोळे मोठे करून बघतो, त्याच्या डोक्यावर ढग येतो आणि ढगात थर्मामीटर, बँडेज नाहीतर गाजर दिसतं. दिसेल ती वस्तू बोटाने ओढत पेशंटपर्यंत न्यायची. टिंग वाजतं, तीन चांदण्या मिळतात, पुढचा पेशंट. पिसू चिमट्याने उचलली की 'टुप्प' होतं. हे टुप्प ऐकायला तळमजल्यावरचे आजोबासुद्धा काठी टेकून थांबलेले मी पाहिले आहेत.

मुलगी टॅबला चिकटलेली असते, अशी आईची तक्रार. 'एज्युकेशनल आहे,' हे वडिलांचं उत्तर. या एका शब्दापुढे मराठी आईबापांचं काही चालत नाही. वडिलांनी तर पुढची चौकशीही करून ठेवली आहे: पदवीला साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, प्रवेश 'नीट'च्या गुणांवर, परळचं कॉलेज १८८६ सालचं म्हणजे नाव मोठं, पण शिरवळ पुण्याहून जवळ, शनिवार-रविवार डबा पोचवता येईल. डॉक्टरबाईंना अजून सातचा पाढा येत नाही.

प्रॅक्टिस जिन्यातच चालते. खऱ्या प्राण्यांचा अनुभव मात्र वाईट. पार्किंगमधली बोकी तपासायला घेतली, तर ती टेबलावर बसून डोळे मोठे करण्याऐवजी बोचकारून गाडीखाली गेली. तिच्या डोक्यावर ढगही आला नाही. मग पेशंट म्हणून घरचीच माणसं उरली. वडिलांचा ताप घेतला, तो ९८.४ भरला. कुत्र्याचा १०१ ते १०२.५ असतो, हे डॉक्टरबाईंना खेळातून तोंडपाठ. त्या हिशोबाने बाबा गार पडत चालले होते. भर मे महिन्यात त्यांना दोन चादरींत गुंडाळून ठेवण्यात आलं आणि त्या एज्युकेशनल गृहस्थांना ऑफिसच्या मीटिंगला तसंच बसावं लागलं.

त्याच सुटीत डॉक्टरबाई मामाकडे गेल्या. मामा फलटणकडे पशुधन विकास अधिकारी आहे. पुढची हकीकत मामाकडूनच ऐकली, कारण डॉक्टरबाई तिच्यातला बुटांचा भाग गाळतात.

सकाळीच एका वस्तीवरून फोन आला, गाय चरत नाही. भाची मोटारसायकलवर पुढे बसून निघाली, गळ्यात प्लास्टिकचा स्टेथोस्कोप. गाय मान टाकून उभी होती. मामाने शेपूट उचलून थर्मामीटर घातला, तिथेच डॉक्टरबाईंच्या शिक्षणाला पहिला धक्का बसला. मग मामाने तिचा हात धरून मूठ गाईच्या डाव्या भकाळीत दाबली. "आत कोठीपोट आहे. ते ठीक असलं तर मिनिटाला एकदा-दोनदा मुठीला ढकलतं. घड्याळ लाव." दोन मिनिटं झाली तरी आतून कुणी ढकललं नाही.

"मामा, हिला काय होतंय ते दिसत का नाही?"

"कुठे दिसायला पाहिजे?"

"वर. डोक्यावर."

मामाने मालकाकडे बघितलं. "काय खायला घातलं?"

"काय बी न्हाय, सायेब. नेहमीचा कडबा."

मामा काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. बघण्यात मामा तरबेज आहे. बोलून जेवढं निघत नाही तेवढं तो बघून काढतो. शेवटी मालकीणबाईंनीच पदर सावरत सांगितलं, "परवाच्या लग्नातला भात उरला हुता, त्यो घातला थोडा. घमेलंभर."

"दोन घमेली," मामा भाचीच्या कानात म्हणाला. "मालक सांगेल त्याची दुप्पट धरायची."

लग्नसराईत हे ठरलेलं असतं. भात, पुऱ्या, बुंदी टाकून देववत नाही म्हणून गाईपुढे येतात, ते कोठीपोटात आंबतं, आम्ल वाढतं आणि पोट बंद पडतं. घटसर्प-फऱ्याच्या लशी टोचायला गाव तयार असतं. उरलेल्या भातावर लस नाही. मामाने नळी घातली, सोड्याचं पाणी पाजलं, सलाईन लावली. या सगळ्यात चार माणसं गाय धरायला आणि एक माणूस सल्ला द्यायला. भाची टिंगची वाट बघत राहिली. संध्याकाळी दोघं पुन्हा गेली, तेव्हा गाईने शेपूट वर केलं आणि डॉक्टरबाईंच्या नव्या बुटांवर पो टाकला, तोही पातळ. मामा खूश झाला. "वाजलं बघ तुझं टिंग!"

पुण्याला परत आल्यापासून दवाखान्याची पद्धत बदलली आहे. थर्मामीटर खरा कुठे घालतात, हे डॉक्टरबाईंनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सविस्तर सांगितलं. तेव्हापासून घरातल्या थर्मामीटरला कुणी तोंड लावत नाही. टॅब अजून आहे, पण ढगवाल्या पेशंटांचा त्यांना राग येतो. सगळं आपणहून सांगून टाकतात, मग डॉक्टर कशाला?

हल्ली भर आहे तो उलटतपासणीवर. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा लॅब्रॅडॉर जेवेना. डॉक्टरबाई वही घेऊन वर गेल्या. मी चहाला तिथेच होतो.

"काकू, काय खायला घातलंत?"

"काही नाही गं. डाएटवर आहे तो."

डॉक्टरबाई बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, थेट मामासारख्या. काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग खिडकीबाहेर.

"पुरणपोळी दिली. अर्धी."

बघणं चालूच.

"बरं, दीड. तूप लावून."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली, जीभ पडलेल्या दातांच्या खिंडीत अडकवली आणि वहीत लिहिलं: तीन.