आवाज कुणाचा?

इंग्रजी शिकवणारी पुस्तकं विद्यार्थ्याला सांगतात की साऊंड म्हणजे आवाज आणि नॉइज म्हणजे मोठा, नकोसा आवाज. यातलं ‘मोठा’ खोटं आहे आणि ‘नकोसा’ अर्धवट, कारण कुणाला नकोसा ते पुस्तक सांगत नाही. रात्री दोन वाजता गळक्या नळाची टपटप चालते तो नॉइज. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये शंभर वादक एकदम तुटून पडतात तो साऊंड. तो ऐकायला तिकीट असतं. शेजारचा मुलगा व्हायोलिन शिकतो तो नॉइज, आपला शिकतो तो साऊंड. डेसिबल मोजणारं यंत्र इथे हात टेकतं, कारण फरक कानात नसून कपाळावरच्या आठीत आहे. नॉइज हा शब्द फ्रेंचातून आला. तिथे त्याचा जुना अर्थ भांडणतंटा, गलका. आणि त्याच्याही मागे मळमळ सुचवणारा लॅटिन शब्द असावा, असं अनेक व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे शब्दाचा जन्मच मुळी तक्रारीतून. माझं म्हणणं थोडं पुढे जातं. आवाज कसा होता, हे सांगण्याची इंग्रजी शब्दांना फारशी हौसच नाही. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या प्रेक्षागृहात गर्जून विचारतात तोच प्रश्न ते हळू आवाजात, सभ्यपणे विचारत असतात: आवाज कुणाचा?

हसण्याचेच शब्द घ्या. गिगल, टिटर, चकल, स्निगर, गफॉ, कॅकल. कोश या सगळ्यांचं वर्णन पट्टी आणि लांबी सांगून करतो, जणू हार्मोनियमच विकायला काढली आहे. प्रत्यक्षात हे शब्द म्हणजे जनगणनेचे रकाने आहेत. गिगल शाळकरी मुलींचं. निवृत्त कर्नलसाहेबांनी गिगल केलं तर घरचे डॉक्टरला बोलावतील. त्यांना गफॉ शोभतो, तोही क्लबात, स्वतःच्याच विनोदावर. चकल हे खुर्चीत बसून, एकट्यानं, पोट भरल्यावर करायचं हसू. स्निगर करणाऱ्याच्या मनात काहीतरी चावट आहे असं धरूनच चालतात. आणि कॅकल? अंडं घातलेली कोंबडी आणि चेटकीण या दोघींसाठी तो शब्द राखून ठेवला होता. मग म्हाताऱ्या बायका मनमोकळं हसल्या की त्यांनाही इंग्रजीनं त्याच रांगेत नेऊन बसवलं. तोच स्वर, तीच लांबी, पण हसणारा बदलला की शब्द बदलतो. एवढं सगळं हाताशी असूनही लुईस कॅरलला एक हसू कमी पडलं, म्हणून त्यानं १८७१ साली ‘चकल’ आणि नाकातला ‘स्नॉर्ट’ यांचं लग्न लावून ‘चॉर्टल’ तयार केलं. हा शब्द आज कोशात सन्मानानं नांदतो आहे.

यावर भाषाशास्त्राचा अभ्यासक हात वर करेल. क्लिंक, क्लँक, क्लंक यांचं काय? पेला पेल्याला लागला की क्लिंक, साखळी ओढली की क्लँक, जड दार बसलं की क्लंक. इथे ना जात, ना वय, ना आठी. स्वर बदलला की वस्तू मोठी आणि बोजड होत जाते. हा आक्षेप वजनदार आहे. एडवर्ड सपीरनं १९२९ साली ‘मिल’ आणि ‘माल’ असे दोन निरर्थक शब्द देऊन लोकांना विचारलं की यातलं मोठं टेबल कोणतं, आणि बहुतेकांनी बिनदिक्कत ‘माल’ सांगितलं. तेव्हा कानाचाही वाटा आहे, कबूल. पण याच मंडळींचा दुसरा लाडका पुरावा म्हणजे ‘स्न’ने सुरू होणारे नाकाचे शब्द: स्नोअर, स्निफ, स्नॉर्ट, स्नीझ. शिंकेचा नाद कसा अचूक पकडलाय पाहा, असं ते म्हणतात. गंमत अशी की स्नीझ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘फ्न’ने सुरू होत असे. त्या काळचा लांबुडका एस हा एफसारखा दिसे, त्यामुळे वाचणाऱ्यांची गफलत झाली आणि ‘फ्न’चं ‘स्न’ झालं, असं कोशकारांचं अनुमान आहे. म्हणजे इंग्रज माणूस आज नैसर्गिकपणे शिंकतो ती कदाचित वाचनातली चूक असेल. बरं, ‘नॉक’ हा शब्द दारावर असला तर पाहुणा येतो आणि इंजिनात असला तर गॅरेजचं बिल येतं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो तो नादामुळे नव्हे.

डॉक्टरांना हे फार आधी कळलं होतं. लॅनेकनं १८१६ साली पॅरिसमध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि छातीतल्या आवाजांना ‘राल’ हा फ्रेंच शब्द वापरला. पण फ्रेंच माणसाला राल म्हटलं की मरणघरघर आठवे. खोकल्यासाठी आलेला रोगी तो शब्द ऐकून अंथरूणच धरायचा. म्हणून लॅनेक रोग्यासमोर त्याच अर्थाचा ‘राँकस’ हा लॅटिन शब्द वापरू लागला. छातीतला आवाज तोच; फक्त तो कुणी ऐकायचा यावर नाव ठरलं. जॉन फोर्ब्जनं १८२१ साली लॅनेकचं पुस्तक इंग्रजीत आणलं आणि दोन्ही शब्द पसरले. पुढे इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनी ते दोन वेगळे आवाज आहेत असं धरून शंभराहून अधिक वर्षं वाद घातला. छाती बिचारी एकच होती.

विज्ञानात तरी नॉइज तटस्थ असेल? क्लॉड शॅननचा १९४८चा सिद्धांत पाहा: संदेश पोचवताना मध्ये लुडबुडतो तो नॉइज. म्हणजे संदेश कोणता, हे ठरवणारा साहेब आधी खुर्चीत बसलेला असतोच. शॅननच्या आधी हाच न्याय चार्ल्स बॅबेजनं लंडनच्या रस्त्यावर लावला होता. गणकयंत्राच्या या जनकानं हिशेब मांडला की रस्त्यावरच्या वाजंत्र्यांनी आपली पाव कार्यशक्ती खाल्ली. वाजवणारे त्याला संगीत म्हणत. पण ते बरेचसे इटालियन आणि जर्मन, गरीब, आणि दारात उभे; तेव्हा १८६४ साली कायदा होऊन ते संगीत नॉइज ठरलं. विधेयक आणणारे खासदार मायकेल बास बीअरचे कारखानदार होते. बीअर प्यालेल्यांचं रस्त्यावरचं गाणं कोणत्या सदरात मोडतं, यावर इतिहासात फार चर्चा दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, मराठी काय वेगळं करते? गोंगाट, कलकलाट, गलका हे शब्द आठी घातल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. खरं आहे. पण सरकारी मराठीनं जे केलं त्याला तोड नाही. भारतात २००० साली नॉइजविरुद्ध नियम आले: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मराठीत याला ध्वनिप्रदूषण म्हणतात. आनंदवर्धनानं ज्या ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलं तो हाच शब्द. इंग्रजीत ज्याची जात मळमळीची, त्याला मराठीत आल्यावर थेट काव्यशास्त्रात आसन मिळालं. विसर्जनाच्या रात्री डीजेची भिंत हादरते तेव्हा तिथे व्यंग्यार्थ शोधायला हरकत नाही.

इंग्रजांनी मात्र आपला पेच तसाच, उघड्यावर ठेवला आहे. ब्रिटनच्या १९७४च्या कायद्यानुसार रस्त्यावर भोंगा लावून माल विकायला बंदी आहे, पण माल नाशवंत आणि खाण्याचा असेल तर दुपारी १२ ते संध्याकाळी ७ या वेळात भोंग्याला सूट आहे. म्हणजे आइस्क्रीमवाल्याचा भोंगा चालतो, कारण त्याचा माल वितळतो. त्याच्या सुरांना नॉइज म्हणायचं की देवळातल्या घंटेसाठीही वापरला जाणारा ‘चाइम’ हा शब्द द्यायचा, यावर इंग्लंडची २०१३ची आचारसंहिता शीर्षकातच दोन्ही शब्द वापरून मोकळी होते. तिचं नाव असं: ‘आइस्क्रीम गाड्यांच्या चाइम इत्यादींपासून होणाऱ्या नॉइजबाबत आचारसंहिता’. तिच्याप्रमाणे एका वेळी १२ सेकंद वाजवता येतं. तेराव्या सेकंदाचं काय होतं ते बहुधा त्या ‘इत्यादीं’मध्ये असावं.