जामसावळीचा मारुती आणि आमचा चिमटा

नागपूरहून सावनेरमार्गे सौंसरास जाणाऱ्या प्रवाशाला मध्यप्रदेशाची सरहद्द ओलांडल्याची वर्दी पाट्यांवरील हिंदी देते, माणसांची बोली देत नाही. कारण 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेच्या कायद्यान्वये नागपूर मुंबई राज्यात दाखल झाले आणि हा मुलूख भोपाळच्या अंमलाखाली गेला, तरी संत्री, पोळा आणि ‘काहून’ या तिन्ही गोष्टी मूळ मालकांच्याच कब्जात राहिल्या. 2023 साली छिंदवाड्यापासून अलग होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात वर्ग झाले, तेव्हाही या कब्जाला बाध आला नाही.

मोटरसायकलवर माझ्यामागे विराजमान झालेले स्नेही हे निवृत्त नाझर. तहसील कचेरीत हयात गेल्यामुळे जांभईसुद्धा तारीख पाहून देणारे आणि देहाने कचेरीच्या तिजोरीशी स्पर्धा करणारे. त्यांच्याही मागे, कॅरिअरवर, एका बागेत तासभर घासाघीस करून त्यांनी पदरात पाडून घेतलेले संत्र्यांचे पोते होते. जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे दर्शन घेताना, द्रोणागिरी वाहून आणणाऱ्यास विश्रांतीचा हक्क पोचतोच, असा निवाडा त्यांनी हात जोडूनच दिला. परंतु आम्हां उभयतांना पोत्यासह वाहून आणणाऱ्या वाहनाच्या हक्काविषयी त्यांनी मौन पाळले. सौंसरची वस्ती दिसू लागते न लागते तोच मागून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला आणि मागील चाकाने आमच्या मार्गाशी प्रकट मतभेद नोंदविला.

सौंसरातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीने गाडी उचलून स्टँडवर घेतली, मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या चिमट्यावरील चिखल खरवडला, रॉकेलचा बोळा फिरवला, ते पुसून कोरडे केले आणि वर खडूची पूड चोळली. क्षणभराने, शॉकअप जेथे चिमट्याला जोडला जातो तेथे, आत मुरलेले रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्या पुडीत एक बारीक काळी रेघ उमटली. नाझरांनी ताबडतोब पंचनाम्याची मागणी केली आणि जुने वेल्डिंग हेच मुख्य आरोपी, असे ठरविले.

“वेल्डिंग शाबूत हाय, काका,” मिस्त्री म्हणाला. “चीर त्याच्या बाजूनं गेली.”

आणि ते यथार्थ होते. सांध्यात नवा धातू भरला जातो, परंतु कडेचे लोखंड मात्र तापून निवताना आपली प्रकृती पालटून बसते. त्यात जाडी एकाएकी बदलणारी जागाही तीच, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा ताण तेथे गोळा होतो. एका धक्क्याने जे मुळीच तुटत नाही ते लहान लहान धक्क्यांच्या पुनरावृत्तीने तुटते, हे आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून आउगुस्ट व्होलर नामक जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केले होते. मारुती निजून ताजातवाना होतो. लोखंडाला मात्र विश्रांतीने आराम पडत नाही, त्याच्या खात्यात प्रत्येक खड्डा कायमचा जमा होतो.

मिस्त्रीने बॅटरीची तार सोडवली, चिरेच्या टोकाशी ड्रिलने भोक पाडून तिची पुढील वाटचाल रोखली, ग्राइंडरने चीर कोरून तिची खाच केली आणि चिमटा वाकडा होऊ नये म्हणून एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने टाके घालीत ती भरून काढली. सांधा लाल असतानाच परोपकारबुद्धीने प्रेरित झालेले नाझर पाण्याचा तांब्या घेऊन पुढे सरसावले.

“पानी नोका टाकू, बाप्पा! कडक होईन अन् काचेवानी तडकन. आपल्या आपण थंडं होऊ द्या.”

नाझर तांब्यासह स्थानबद्ध झाले. सांधा निवाल्यावर, हा टाका कायम टिकेल असे लेखी देण्याची त्यांनी मागणी केली, तेव्हा मिस्त्री म्हणाला की इथून तुटणार नाही, तुटलं तर आणखी बाजूनं तुटंन. अन् तेही नको असेल तर चाकाच्या मागं लटकलेलं ते वजन पुढं घ्या.

हुकूम तामील करण्यात नाझरांची उभी हयात गेली होती. ते बाकावर बसले, पोत्याचे तोंड सोडले आणि सायंकाळपर्यंत कॅरिअरवरील मालापैकी मोठा हिस्सा त्यांनी स्वतःच्या देहात वर्ग केला. एकूण वजनात, साली वजा जाता, फरक पडला नव्हता. मात्र ते नियमाप्रमाणे पुढे आले होते.