स्वारीचा बंदोबस्त

महसूल खात्यात चौतीस वर्षे इमानेइतबारे दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी लिहिण्यात घालवून, निवृत्तीच्या दिवशी स्वतःच्या नावावर एक गुंठाही न उरलेल्या अव्वल कारकुनास उतारवयात चाकांवरचे का होईना, पण एक घर असावे असे वाटले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही; नवल इतकेच, की ही वासना प्रथम माझ्या मेहुण्यांच्या मनात उपजली आणि तिचा खर्च मात्र माझ्या खाती पडला.

मेहुणे पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले यंत्रज्ञ. त्यांचा युक्तिवाद मोहक होता. वैशाखात मनालीस जावे, तर लक्ष्मी रस्त्यावरची अर्धी गर्दी स्वेटर घालून आपल्याआधी तिथे पोहोचलेली असते. पौषात जावे, तर आपल्या वयाच्या माणसाचे परत येणे दैवाधीन. म्हणून फाल्गुनाच्या उत्तरार्धात, जेव्हा वर सोलंगच्या उतारावर बर्फ शाबूत असतो, खाली कुलूच्या खोऱ्यात जर्दाळू-आलुबुखाऱ्यांची झाडे पाने फुटण्याआधीच फुलांनी भरून जातात आणि रानात बुरांश लाल होऊ लागतो, तेव्हा शहाण्याने आपले घर बरोबर घेऊन निघावे, असा तो सिद्धान्त. त्यातली मेख मला मागाहून कळली. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून हिमालयावर येऊन आदळणाऱ्या ज्या वातावरणीय उलथापालथीस हवामानखाते ‘पश्चिमी विक्षोभ’ असे भारदस्त नाव देते, ती मार्चातही तिकडे फिरकते आणि एका रात्रीत फुलांवर बर्फ पाडून रस्ते बंद करते. म्हणजे ज्याला आम्ही वसंताचा समजून निघणार होतो, त्या मुलखावर हिवाळ्याचा वहिवाटीचा हक्क अद्याप कायम होता.

गाडी घेतली ती वापरलेली, तेरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर. पूर्वजन्मी तिने भाविकांना अष्टविनायक घडवले होते, आणि त्या पुण्याईच्या खुणा म्हणून मागच्या काचेवर ‘मोरया’ आणि प्रत्येक आसनामागे ओकारीच्या पिशव्या अडकवण्याचे आकडे शिल्लक होते. हडपसरकडच्या एका फॅब्रिकेटरने आसने काढून दोन दिवाण, एक ओटा, एक मोरी, शंभर लिटरची टाकी आणि, ज्याचा उल्लेख आमच्या सौ.समोर करताना मेहुणे नेहमी इंग्रजीचा आश्रय घेत, तो उचलून नेता येणारा शौचकूप बसवला. ओटा आणि हे पात्र यांच्यामधले अंतर अडीच फूट भरले. यावर सौ.ने काढलेले उद्गार तिच्या माहेरच्या सभ्यतेला न शोभणारे असल्यामुळे ते दप्तरी घेत नाही. परिणाम एवढाच, की मध्ये एक पडदा आणि पडद्यावर एक तुळशीवृंदावनाचे चित्र आले.

हे सगळे पुरे झाल्यावर मेहुण्यांना कायदा आठवला. नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात परवानगीवाचून करता येत नाही, असे मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ सांगते. तेव्हा परिवहन खात्याच्या एका कचेरीत अर्ज गुदरला. तिथल्या तरुण लिपिकाने गाडीच्या आत डोके घातले, दिवाण पाहिले, पडद्यावरची तुळस पाहिली आणि विचारले, “काका, हे वाहन आहे की खोली?” प्रश्न इतका बिनतोड होता, की मला त्या मुलाविषयी वात्सल्य दाटून आले. त्याच्या जागी मीही हेच विचारले असते, आणि वर ती तेरा आसने गेली कुठे याचा पंचनामाही मागितला असता. मेहुण्यांनी सरकारच्याच वाहनवर्गांत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला जागा असल्याचा कागद पुढे केला. चार खेटे, दोन तपासण्या आणि एक हमीपत्र एवढ्या नैवेद्यावर प्रकरण मिटले. ज्या काळात असल्या कामाला माझ्या टेबलावर आठ महिने लागत, तो काळ आठवून मी किंचित खिन्न झालो.

थंडी हा जिन्नस पुण्यात विकत मिळत नसल्यामुळे तिच्याविरुद्धची सारी सिद्धता अनुमानानेच करणे भाग होते, आणि ती अनुमाने मेहुणे रोज संध्याकाळी आम्हांस चहाबरोबर देत. घरगुती सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. पैकी प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत कर्तव्यदक्ष राहतो, पण ब्युटेन शून्याच्या आसपासच अंग चोरून तळाशी बसतो, त्यामुळे सिलिंडर उचलून पाहावा तर जड लागतो आणि शेगडी मात्र पेटत नाही. असल्या सहकाऱ्यांशी माझा आयुष्यभर संबंध आलेला असल्याने हा भाग मला एकदम उमगला. पाण्याचे तंत्र निराळे. गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळ्या फोडते. सबब शंभर लिटरची टाकी हौसेने बसवायची, मुकामावर ती भरायची आणि रात्र पडण्यापूर्वी, गोठण्याच्या भयाने, ती पूर्ण रिकामी करायची, असा क्रम ठरला. “मग बसवली कशाला?” हा सौ.चा प्रश्न अद्याप प्रलंबित आहे. मी कोळशाची शेगडी सुचवली, तेव्हा मात्र मेहुणे गंभीर झाले. बंद जागेत धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि डोंगरांत ऊब मिळावी म्हणून शेगडी आत घेऊन निजलेली माणसे त्याच्यामुळे पुन्हा उठलेली नाहीत. शेगडी रद्द झाली, आणि छताला धुराची एक व त्या वायूची एक अशा दोन घंटा लागल्या.

स्वयंपाकाचा कारभार सौ.कडे. तीन हजार मीटर उंचीवर पाणी सुमारे ९० अंशांवरच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही, असे मेहुण्यांनी समजावल्यावर ती म्हणाली, “म्हणजे दादा, लवकर उकळायचं आणि शिजवायचं काहीच नाही? अगदी ह्यांच्यासारखंच की!” त्या एका वाक्यावर दोन कुकर मंजूर झाले. पाठोपाठ तिने फेरिस्त काढली, ती वाचून एखाद्या संस्थानिकाची स्वारी मुलुखगिरीस निघाली आहे असा समज व्हावा: भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, गुळपापडीचे लाडू, दोन प्रकारची लोणची, पूजेचे तबक आणि हिंगाची मोठी डबी. डबीस मी हरकत घेतली. मनालीपलीकडच्या ज्या लाहौलकडे आपण निघालो आहोत, तिथल्या क्वारिंग गावी पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२० मध्ये हिंगाचे रोप लावले आहे. शतकानुशतके अफगाणिस्तान-इराणकडून हिंग आणणाऱ्या या देशाचा तो पहिलाच उद्योग. तेव्हा हिंगाच्या गावी हिंग नेणे म्हणजे गंगेला घागर वाहून नेणे होय. सौ. शांतपणे म्हणाली, “तिथे आपल्याला कोणी हिंग लावून विचारणार नाहीये. डबी राहू दे.” डबी राहिली.

मग रंगीत तालीम. सोसायटीच्या वाहनतळात, दिवसा पारा चौतीस अंशांवर गेलेला असताना, रात्री काचा लावून, लोकरी मोजे, माकडटोप्या आणि दोन-दोन गोधड्या अशा जामानिम्यात आम्ही तिघे निजलो, कारण तयारीत कुचराई नको हा मेहुण्यांचा दंडक. साडेनऊच्या सुमारास सौ.ने गोधडी फेकून, भूक लागली म्हणून, पिठल्याला फोडणी दिली. पुणेरी फोडणी आणि आग यांतला भेद त्या विलायती घंटेला शिकवलेला नव्हता. ती अशी कोकलू लागली, की पहारेकरी वाळूची बादली घेऊन आला, पाठोपाठ तीन मजले खाली उतरले, आणि त्यांना दार उघडून सामोरा गेलो तो घामाने निथळणारा, माकडटोपीतला मी. दुसऱ्या दिवशी फलकावर चिटणीसांची सूचना झळकली: ‘वाहनतळात संसार मांडण्यास सक्त मनाई आहे.’ मसुदा चांगला होता. मी असतो तर ‘सक्त’ हा शब्द गाळला असता.

आता उरली एकच बाब, पण तीच कळीची. पूर्वी ३,९७८ मीटरांवरचा रोहतांगचा घाट बर्फाखाली गेला, की लाहौलचा रस्ता जवळजवळ अर्धे वर्ष तुटे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या अटल बोगद्याने डोंगराच्या पोटातून ९.०२ किलोमीटरांची वाट काढून ती अडचण दूर केली. बोगदा बर्फाला जुमानत नाही, पण त्याच्या दोन्ही तोंडांकडचे रस्ते जुमानतात. बर्फ पडला, की पोलीस चारही चाकांना जोर नसलेल्या आणि साखळ्या न चढवलेल्या गाड्या परत फिरवतात. आमच्या गाडीचा जोर केवळ मागच्या चाकांना. तेव्हा साखळ्या हव्यातच. त्या मनालीत भाड्याने मिळतात, असे कोणी सांगितले. परंतु मनालीत मिळणाऱ्या वस्तूच्या भरवशावर पुणे सोडणे हे मेहुण्यांच्या तत्त्वात बसेना. म्हणून परवा मी बोहरी आळी पालथी घातली. “टायरला बांधायची साखळी आहे का?” असे विचारताच एका वृद्ध दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “झोपाळ्याची आहे, कुत्र्याची आहे, म्हशीची आहे. गाडी पळून जाते का, काका?”

म्हशीची घेऊन पाहिली. चाकावरून तीन वेळा निसटली. तेव्हा वाचकांपैकी कोणाजवळ पंधरा इंची चाकाच्या बर्फातल्या साखळ्यांची जोडी पडून असल्यास त्यांनी रंगपंचमीपूर्वी कळवावे. अनामत रोख देऊ, आणि परत येताना हिंग आणू.